साखळीचे दहा आणे

"चपला बाहेर काढा, मामा," सूर्यभान दारातच म्हणाला.

सटवाजीने चपला काढल्या. डोक्यावरची टोपीही काढून हातात घेतली. दाराशी आधीच सहा-सात जोड ओळीने मांडलेले होते, त्यांत दोन चांगले पॉलिश केलेले बूट. परभणीच्या या कॉलेजात शिकवणारी मोठी माणसेसुद्धा ज्याच्या दारात जोडे काढतात, तो आत बसलेला जो कोणी असेल तो साधा नसणार, एवढे त्याने ओळखले.

"टोपी राहू द्या की. त्याला फक्त धुळीचं वावडं आहे."

"आसू द्या सर. हातात जड न्हाई व्हत."

खोलीत गार हवा सोडणारे यंत्र घरघरत होते आणि कडेला पाच-सहा जण कागदांत डोके घालून बसले होते. बाहेर पौषाची थंडी आणि आतही थंडी! मधल्या टेबलावर टीव्हीसारखी एक पेटी होती. सूर्यभानने टाइपरायटरसारख्या पाटीवर बोटे आपटली आणि काळ्या काचेवर एक हिरवी रेघ आपोआप पुढे सरकू लागली. थोडी गेली, वळली, पुन्हा गेली. तिला दुसरी येऊन मिळाली, मग तिसरी.

"काही ओळखू येतंय का?"

सटवाजी पुढे वाकला. मग त्याचे बोट काचेजवळ गेले आणि तसेच अधांतरी थांबले.

"ही... ही गंगा हाय?"

"गोदावरी. बरोबर."

"आन् हा बाजारचा रस्ता. ही स्टेशनची वाट. आरं माझ्या देवा! हे तर आपलं गंगाखेड हाय. आपून कुठून बघायलोत, सर?"

"वरून. आभाळात घार असते ना, तिला दिसतं तसं."

गंगाखेडच्या मोजणी ऑफिसात छत्तीस वर्षे सटवाजी साखळीवाला होता. हैदराबाद स्टेट होते तेव्हा लागला आणि मागच्या साली रिटायर झाला. मोजणीदार साहेब टेबल लावून आकडे लिहितात. लोखंडी साखळी धरून काट्याकुट्यांतून, गटारांतून, लोकांच्या शिव्या खात चालतो तो साखळीवाला. या गावातली एकही गल्ली, एकही बांध असा नव्हता जिथे त्याने साखळी ताणली नव्हती. पण ते सारे गाव त्याने खाली मान घालून पाहिलेले होते. पायापुढची तेहेतीस फूट जमीन, मग पुढची तेहेतीस फूट. त्या सगळ्या तुकड्यांचे मिळून एक अंग होते, त्याला डोके होते आणि पाय होते, हे आज साठी उलटल्यावर कळत होते.

"ह्यात मानसं कुठायत?" त्याने विचारले.

सूर्यभान हसला. "माणसं अजून घातली नाहीत, मामा. नुसती जमीन, घरं आणि पाणी."

सूर्यभान तिशीतला. कॉलेजात शिकवून विद्यापीठाची पीएचडी करत होता. विद्यापीठ कोणत्या नावाचे म्हणायचे, यावरून तेव्हा गावोगावच्या भिंती रंगलेल्या होत्या. तो मात्र 'औरंगाबादला नाव नोंदवलंय' एवढेच सांगायचा. लहान गावे कशी वाढतात, कुठे वाढावीत आणि कुठे वाढू नयेत हा त्याचा विषय होता. जमिनीच्या प्रत्येक ठिकाणाचे तीन आकडे कॉम्प्युटरला द्यायचे: पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि उंच किती. असे हजारो आकडे दिले की कॉम्प्युटर गाव उभे करतो. मग त्यात पूर सोडायचा.

"पूर सोडायचा म्हंजी? हेच्यात पानी वतायचं?"

"आकड्यांचं पाणी. नदी एवढे फूट चढली असं सांगायचं. मग पाणी कुठवर शिरेल ते हा दाखवतो. तिथं निळी रेघ मारायची. रेघेच्या आत नवं घर नको. नगरपालिकेनं हाच नकाशा मागितलाय, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. खुणेचे दगड तुमच्याइतके कुणाला ठाऊक नाहीत."

सटवाजी मान हलवत होता. डोळे मात्र काचेवर होते आणि कपाळाला बारीक आठी पडली होती.

"सर, एक इचारू का? रागाला येऊ नका. बारव नाल्याच्या हिकडं कामून दावली?"

"तिकडे आहे का?"

"तिकडंच की! माझी घरची रोज नाला वलांडून बारवंवर धुनं घिऊन जाती. आता हे यंत्र म्हनतंय बारव हिकडंच हाय. मंग तीस वर्सं ती मला खोटं सांगायली व्हय?"

सूर्यभानला हसू आले, पण ते लगेच विरले. त्याने कपाटातून टिपणबुक काढले. टिपण म्हणजे जुन्या मोजणीचा कच्चा कागद. शेताची आकृती आणि कडेने आकडे. सर्व्हे नंबर एकशे चौदा. नाला याच शेताच्या अंगाने जात होता.

"हे बघा. बारा पॉइंट आठ. कॉम्प्युटरमध्येही बारा पॉइंट आठच आहे."

"बारा-आठ," सटवाजी म्हणाला.

"तेच."

"तेच कसं, सर? बारा साखळ्या आन् आठ आणे. म्हंजी साडेबारा."

सूर्यभानने टिपणबुक पुन्हा डोळ्यांजवळ नेले.

साखळीचा हिशेब साधा असतो. एक साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा भाग, एकेका भागाला म्हणायचे आणा. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचेही सोळा. एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. जुने मोजणीदार साखळ्या लिहून टिंब द्यायचे आणि पुढे आणे मांडायचे. ते टिंब म्हणजे नुसती दोघांमधली भिंत होती. सूर्यभानने ते दशांशाचे टिंब समजून तीन महिने आकडे भरले होते. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी. कॉम्प्युटरने तिला पाऊण साखळीच्याही पुढे नेले. पंधरा आणे म्हणजे जवळजवळ पुरी साखळी. ती पंधरा शतांश होऊन पार मागे आली. असे चुकत चुकत नाल्याने बारवेला वळसा घातला होता.

"मामा," सूर्यभान खुर्चीत बसत म्हणाला, "आणे माझ्या जन्माआधीच बंद झाले हो."

"पैशातले झाले. जमिनीतले कोन बंद करणार?"

"तीन महिने गेले माझे."

"जाऊ द्या. सोळानं भागायचं आन् मोकळं व्हायचं. तुमचं यंत्र येवढं हुशार हाय, येका दमात करंल."

सूर्यभानने पाटीवर काहीतरी टाइप केले आणि कपाळावर हात मारला. "नाही करणार. दहा आणे असतील तिथं मी बारा पॉइंट दहा लिहिलं. यानं शेवटचं शून्य फुकटचं म्हणून टाकून दिलं. आता एक आणा कुठला आणि दहा आणे कुठले, याला कळत नाही. दोन्ही सारखेच."

सटवाजीला पेटीची कीव आली. एवढे गाव डोक्यात मावते, पण एक आणा आणि दहा आण्यांतला फरक मावत नाही!

"मंग मी वाचतो," तो म्हणाला. "तुमी लिवा."

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळच्या पॅसेंजरने परभणीला यायचा, दाराशी चपला काढायचा, टोपी हातात घ्यायचा आणि टिपणबुक उघडून बसायचा. "नऊ साखळ्या, तीन आणे. चार साखळ्या, पंधरा." सूर्यभानची बोटे आपटत राहायची. वाचता वाचता सटवाजीला कागदामागचे दिवस दिसायचे. या आकड्याला विंचू निघाला होता. या आकड्याला दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते. सूर्यभान मधूनच हात थांबवून ऐकायचा आणि म्हणायचा, "मामा, हे सगळं यात कुठं घालू मी?"

दुपारी डबा खाऊन झाला की सूर्यभान नवे आकडे कॉम्प्युटरला लावायचा. सहाव्या दिवशी बारव नाला ओलांडून आपल्या जागी जाऊन बसली. सटवाजी खुर्चीवरून उठून उभा राहिला. कागदावरच्या त्याच्या पावलांना ही निर्जीव पेटी मान देत होती. त्याने नकळत हात जोडले.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ग्यानबा वाटच बघत होता. ग्यानबा शेजारी. त्याची पन्नास-साठ मेंढरे घरामागच्या काटेरी वाड्यात बसायची. नाल्याच्या काठाने नऊ घरे होती; एका टोकाला सटवाजीचे, त्याला लागून ग्यानबाचे.

"काय म्हनतोय तुमचा कांपुटर, दादा? आमच्या मेंढरायला बी नंबर देतो म्हन्ला का?"

"तुझ्या मेंढरायला पयले मोजावं लागंल. ती येका जागी उबी ऱ्हात्यात का?"

"तुमी साखळी लावा, ऱ्हातेत उबी!"

दोघेही हसले. पण ग्यानबाच्या विचारण्यात खोट नव्हती. नकाशा आला की निळ्या रेघेबाहेरच्या घरांना नगरपालिका घर-नंबर देणार होती. नंबर आला की नळ येणार, घर कागदावर चढणार. रेघेच्या आतल्यांना माळावर, स्टेशनच्या पलीकडे, जागा देऊ म्हणाले होते. कधी, ते म्हणाले नव्हते.

सटवाजीची बायको दगडाबाई हिने आधीच चौकटीवर एक खिळा ठोकून घेतला होता. नंबरची पत्र्याची पाटी लावायला. जन्म सरकारी क्वार्टरात आणि भाड्याच्या खोल्यांत गेलेला. रिटायर झाल्यावर बांधलेल्या या दोन खोल्या म्हणजे तिचे पहिले स्वतःचे घर.

"अवो, आपला नंबर कितवा येईल?" ताटात भाकरी टाकत तिने विचारले. "टोकाचं घर म्हंजी येक का नऊ?"

"कुन्या टोकाकून मोजत्यात त्याच्यावर हाय."

"तुमीच सांगा की त्यायला, हिकून मोजा म्हनून. छत्तीस वर्सं मोजायलात, येवढं बी वजन न्हाई का तुमचं?"

सटवाजीने भाकरीचा तुकडा मोडला. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आपली कधी मोजली नाही, हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा जाणवले. ही जागा घेताना नाल्यात पाणी नव्हते. कितीतरी वर्षे नव्हते. पाणी कुठवर येते ते त्याने विचारले नाही; आणि जाणत्याने न विचारणे म्हणजे डोळे मिटून घेणेच.

नवव्या दिवशी एकशे चौदाचे शेवटचे पान आले. नाल्याचा काठ गावाकडे वळतो ती जागा.

"तेरा साखळ्या..." सटवाजी थांबला.

पुढे टिंब होते, एकाचा आकडा होता आणि त्यापुढे वाळवीने खाल्लेले वाटाण्याएवढे भोक.

सूर्यभानने मान वर करून पाहिले. "एक?"

"पुढलं वाळवीनं खाल्लंय."

"म्हणजे एक असेल, किंवा दहा." त्याने दोन्ही आकडे एकामागून एक घालून पाहिले. "फरक साडेअठरा फुटांचा. एक असेल तर काठ इकडे, आणि ही नऊ घरांची ओळ कोरडी राहते. दहा असेल तर ती पाण्यात." तो सहज बोलला. त्या ओळीत कोण राहते हे त्याला माहीत नव्हते. "की पुढले असतील, अकरा, बारा?"

"न्हाई. अकरा-बारा न्हाई."

"मग काय धरू? तुम्ही म्हणाल ते."

सटवाजी त्या भोकाकडे पाहत राहिला. भोकातून खालच्या कोऱ्या पानाचा पांढरेपणा दिसत होता. चौतीस वर्षांपूर्वीची ती सकाळ. व्यंकटराव मोजणीदार टेबलाशी, तो साखळीच्या टोकाला. काठावर बाभळी होत्या. पुढे सरकताना पायात काटा मोडला, आरपार. तो मटकन खाली बसला, पण साखळी सोडली नाही. व्यंकटराव लांबून ओरडले, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काटा!" ते म्हणाले, "काटा राहू दे, आणे सांग!" आणि त्याने रक्ताच्या बोटांनी साखळीची पितळी खूण चाचपली. आठची खूण मागे राहिली होती. काठ त्याच्या दोन आणे पुढे.

हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. व्यंकटराव वारून वीस वर्षे झाली होती. 'एक' म्हणायला तोंड जेवढे उघडावे लागते तेवढेच 'दहा' म्हणायलाही लागते. चौकटीवरचा खिळा त्याच्या डोळ्यांपुढे आला. एवढे सगळे जाणणाऱ्या त्या पेटीला कसलीच घाई नव्हती. हिरवा ठिपका उघडमीट करत वाट पाहत होता. सांगशील ते मी मानीन, असे म्हणत असल्यासारखा. त्या विश्वासाचीच त्याला भीती वाटली.

"दहा," तो म्हणाला.

"नक्की?"

"तेरा साखळ्या, दहा आणे. लिवा."

सूर्यभानने लिहिले. मग पूर सोडला. "बघा मामा, आता नदी एकेक फूट चढेल."

गोदावरीची रेघ फुगली. आधी घाट बुडाला. मग जे झाले ते सटवाजीने श्वास रोखून पाहिले. पाणी काठावरून सरळ गावात आले नाही. ते नाल्याच्या तोंडाशी गेले आणि नाल्यातून उलटे, मागे मागे, वर चढू लागले. मोठे पाणी छोट्या पाण्याला वाट देत नाही म्हणून नाला मागे दाटतो, सूर्यभान समजावत होता. बारवेला निळे वेढे पडले. निळा रंग काठ ओलांडून त्या नऊ ठिपक्यांपाशी आला, जरा थांबला, आणि एकामागून एक नऊही ठिपके आपल्यात घेऊन पुढे गेला. कुठे आवाज नाही, ओरडा नाही. जे कधी काळी होणार ते एका गार खोलीत आताच होऊन गेले होते, आणि बाहेर ऊन पडले होते.

"ह्ये टोकाचं," सटवाजीने बोट ठेवले, "माझं घर हाय."

सूर्यभान पाटीवरचा हात उचलून त्याच्याकडे पाहत राहिला. "मामा... तुम्ही आधी बोलला नाहीत."

"आधी बोललो आस्तो तर तुमी मला इचारलंच नस्तं. हेचा कागद निघतो ना? येक द्या मला."

छापायचे यंत्र करकरत नकाशा ओकू लागले. सूर्यभानने तो घडी करून दोन्ही हातांनी त्याला दिला, आणि दारापर्यंत सोडायला आला तेव्हा स्वतः वाकून सटवाजीच्या चपला सरळ करून ठेवल्या.

गल्लीत ही बातमी ऐकून ग्यानबा भडकला. "तुमाला कुनी सांगितलं व्हतं खरं बोलायला? आं? वाळवीनं खाल्लं व्हतं ना? वाळवीनं तरी आपलं ऐकलं, तुमी न्हाई!"

दगडाबाईने चुलीतले लाकूड मागे ओढले, एवढेच.

"कागदावर काय बी निघंल," ग्यानबा म्हणाला. "जमिनीवर दावा कुठवर येतंय पानी. मंग मानतो."

"सकाळी दावतो," सटवाजी म्हणाला.

सकाळी त्याने घरातल्या ट्रंकेतून जुनी साखळी काढली. ऑफिसात टेप आले तेव्हा भंगारात निघालेली ती साखळी त्याने मागून घेतली होती. खुणेचा दगड शोधला, नकाशा मातीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. साखळीला दोन माणसे लागतात. त्याने इकडेतिकडे पाहिले. ग्यानबा हाताची घडी घालून उभा होता. दगडाबाई पदर खोचून पुढे आली आणि तिने साखळीचे टोक उचलले.

"कसं धरायचं?"

"ताणून. ढिल्ली सोडू नको, ढिल्ली सोडली की खोटं मोजती."

तिने ताणून धरली. सटवाजी पुढे पुढे जात राहिला, आणे मोजत, मागे हातातल्या टोपलीतून फक्कीची पांढरी धार सोडत. रेघ बारवेच्या वाटेवरून आली, सटवाजीच्या अंगणात शिरली. उंबऱ्याच्या दोन हात पुढून, मोरीला ओलांडून ती सरळ निघाली. त्याने ती कुठे वाकवली नाही. पुढे ती ग्यानबाच्या दारापुढच्या म्हाताऱ्या लिंबाच्या बुडाशी जाऊन टेकली आणि तशीच उरलेल्या सात दारांपुढून गेली. नऊही घरे आत राहिली होती.

ग्यानबा लिंबाजवळ आला. रेघेकडे पाहिले, लिंबाकडे पाहिले, पुन्हा रेघेकडे. त्याचा आवाज एकदम उतरला.

"दादा, ह्ये यंत्राला कुनी सांगितलं?"

"काय?"

"माझा बा सांगायचा. त्याच्या ल्हानपनी गंगा आली व्हती. सतरा मेंढरं गेली. पानी ह्या लिंबाच्या बुडापस्तोर आलं आन् थांबलं. लिंबाम्होरं न्हाई गेलं." तो फक्कीच्या रेघेशी उकिडवा बसला आणि तिला हात न लावता पाहत राहिला. "ह्ये कुनाला म्हाईत न्हाई, दादा. मी बी कुनाला सांगितलं न्हाई. मंग त्या पेटीला कसं कळलं?"

परभणीच्या गार खोलीतली पेटी, व्यंकटरावांचे टिपण, त्याच्या पायातला काटा आणि ग्यानबाच्या बापाचा लिंब, हे सारे या एका पांढऱ्या रेघेवर येऊन भेटले होते. सटवाजीने टोपी काढली.

थोड्या वेळाने ग्यानबा उठला आणि वाड्याच्या काट्या मोकळ्या करू लागला. माळावर मेंढरांना चारा बरा आहे, असे तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

दगडाबाई अजून साखळीचे टोक धरून उभी होती, ताणून. कुणी सोड म्हटले नव्हते.

"झालं आता. सोड," सटवाजी म्हणाला.

तिने साखळी कडी-कडी गोळा केली, पदराने पुसली आणि घराकडे गेली. रेघेपाशी आल्यावर तिने पाऊल जरा उचलून टाकले, रेघ मोडू नये म्हणून. मग चौकटीवर नंबरच्या पाटीसाठी ठोकलेल्या खिळ्याला तिने ती साखळी अडकवली आणि आत जाऊन चूल पेटवली.